पुढे जागा आहे

आमची खोली रात्रीची आहे. म्हणजे खोली दिवसाही तिथेच असते, कुठे जात नाही; पण दिवसा ती आमची नसते. आम्ही संध्याकाळी आत शिरतो, सकाळी बाहेर पडतो, आणि आम्ही बाहेर पडलो की बेकरीवाले आत येतात. भिंती त्याच, नळ तोच, खडखडणारा पंखाही तोच. माणसं तेवढी पाळीने बदलतात. या शहरात आता बहुतेक खोल्या अशाच मिळतात. अख्खी खोली असलेला माणूस एक तर लबाड असतो, नाही तर बापाचा एकुलता एक असतो, असं माझा नवरा म्हणतो. तो दोन्ही नाही.

बेकरीवाल्यांना मी बरेच दिवस नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. जिन्यात समोरासमोर आलो की दोन्हीकडून माना खाली. राग नाही, लोभ नाही. ओळख करून घ्यायलाही अंगात थोडा जीव लागतो. पण मी त्यांना ओळखत होते. फरशीच्या फटींत त्यांचं पीठ असायचं. तांब्या नेहमी नळाच्या डावीकडे, म्हणजे बाई डावरी. आरशावर खालच्या बाजूला वाफेचे डाग, म्हणजे दोघंही ठेंगू. मी हॉटेलच्या धोबीखान्यात इस्त्रीला आहे. चादरीवरच्या डागावरून तिच्यावर झोपलेल्या माणसाची जन्मपत्रिका सांगू शकते मी, तर खोलीचं काय घेऊन बसलात.

आमच्या मजल्यावर राज्य किल्लीवाल्याचं. मालक कोण ते कोणी पाहिलं नाही. किल्लीवाला पाळी बदलताना जिन्याच्या तोंडाशी उभा राहतो, एकाची किल्ली घेतो, दुसऱ्याला देतो. नियम साधे. पाळी संपली की बाहेर. खाली खोलीत आपली एक वस्तू राहता कामा नये. सगळं माळ्यावर. न्हाणीच्या वर फळ्या ठोकून केलेला माळा, मधोमध सुतळी बांधलेली. अलीकडे आमची गाठोडी, पलीकडे त्यांची. आणि चौथा नियम, जो सगळ्यांत महत्त्वाचा: खोली जेवढ्या माणसांची ठरली तेवढीच माणसं. आम्ही दोघं म्हणून घेतली होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूणच अर्ध्या दिवसाचं.

पण आम्ही तिघं होतो. तिसऱ्या माझ्या सासूबाई.

सासूबाई आयुष्यभर बस डेपोत घोषणा करत. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती उशिरा सुटणार, कोणाचं पोर हरवून चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय. माइक बंद पडला तर प्रवाशांना कळायचंसुद्धा नाही, असा आवाज. घरी त्यांनी मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन दारात. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर मला वाटायचं, ही बाई माझ्यावर सारखी चिडलेली का असते? मग कळलं, हे त्यांचं लाडाचं बोलणं आहे. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं होतं, गाडीत चढणाऱ्या गर्दीला रोज सांगून सांगून: "पुढे सरका, पुढे जागा आहे." ताटात भात वाढतानाही तेच. एका खोलीत आम्ही तिघं ओळीने झोपायचो तेव्हाही तेच. "पुढे सरक गं सूनबाई, पुढे जागा आहे." पुढे भिंत असायची.

रात्री त्या आमच्याबरोबर खोलीत यायच्या, किल्लीवाल्याची पाठ वळली की. दिवसा त्यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. सुरुवातीला त्या त्यांच्याच डेपोच्या प्रतीक्षागृहात बसत. मग तिथल्या बाकांना मध्ये मध्ये लोखंडी दांडे ठोकले, कोणी आडवं होऊ नये म्हणून, आणि तिकीट असल्याशिवाय बसायचं नाही अशी पाटी लागली. ज्या पोरींना सासूबाईंनी माइक धरायला शिकवलं, त्यांनीच मान फिरवून त्यांना उठवलं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात. इथे तर डेपोच फिरला. त्यातच त्यांचा पाय सुजला. डॉक्टरीणबाई म्हणाली, दिवसभर झोपून राहायचं, पाय उशीवर. तिला काय जातंय सांगायला.

माझ्या धोबीखान्यात मुकादम मला पाणी प्यायला बसू देत नाही, तिथे सासूबाई कुठल्या? नवरा वॉचमन आहे, आमच्याच इमारतीच्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. मान दुखेपर्यंत मजले मोजा. सगळे फ्लॅट विकलेले, आणि एकातही माणूस नाही. घेणाऱ्यांनी घेऊन ठेवलेत, भाव वाढायची वाट बघत. संध्याकाळी यंत्राने आपोआप दिवे लागतात, आपोआप विझतात. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ते या दोन इमारतींकडे बघून सुचलं असावं. तिथे खालच्या दिवाणखान्यात प्लॅस्टिक चढवलेले सोफे आहेत, पण डोक्यावर कॅमेरा.

"मग माळा आहे," मी म्हटलं.

नवरा गप्प बसला. त्याचं गप्प बसणं म्हणजे सही.

सासूबाईंना मी शिकवलं. गाठोड्यांच्या मागे पाय लांब करून झोपायचं. खोकला आला तर रुमाल तोंडात धरायचा. माझा एक मोठा निळ्या काठाचा रुमाल दिला त्यांना. कूस बदलायची ती पंखा खडखडला की त्याच्या आवाजात. पाणी घोट घोट. आणि बाकीच्या गोष्टीसाठी झाकणाचा डबा, त्याबद्दल जास्त बोलत नाही. घोंगडी कशी घडी करायची तेही दाखवलं: हॉटेलात करतात तशी, तिहेरी, कडा आत, म्हणजे कोणी वापरली असं वाटतच नाही. संध्याकाळी सगळं ठीक असलं की मी भाताच्या डावाने फळीवर दोनदा ठोकणार. त्यांनी आतून दोनदा ठोकायचं आणि उतरायचं.

"म्हणजे मी आता सामान झाले तर," सासूबाई म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

पहिले काही दिवस मजेत गेले. त्या उतरल्या की बातम्या घेऊन उतरायच्या. बेकरीवाली झोपेत रडते. बेकरीवाला तिचे पाय चेपून देतो, तुझा नवरा देतो का गं? दोघांचं कशावरून तरी भांडण झालं आणि दोघंही कुजबुजत भांडले, भिंतीला कळू नये म्हणून. नवरा लाजायचा, मी आणखी विचारायची. जेवताना मी सारखी म्हणायची, "आई, हळू. आई, आवाज." शेजारच्या खोलीतही आमच्यासारखेच रात्रीचे भाडेकरू, आणि मधली भिंत पुठ्ठ्याची. त्या आवाज खाली आणायच्या. आणखी खाली. मग आणखी.

माझ्या लक्षात कधी आलं ते आठवतं. मी भात वाढत होते. "आणखी?" म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. ज्या बाईचं "नको" रस्त्यापलीकडे ऐकू जायचं, तिने मान हलवली.

"आई, आता आपण खाली आहोत. बोला की मोकळं."

त्यांनी ओठ हलवले. मला कान जवळ न्यावा लागला. "खालचे उठतील गं."

"अहो, खालचे म्हणजे आपणच!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही तरी विसरते आहे.

त्या दिवसापासून माझं लक्ष त्यांच्यावरून हलेना. ताटातला भात निम्म्यावर आला होता. स्टुलावर पाय ठेवून उतरताना स्टूल करकरायचं, ते करकरेनासं झालं. उशीवर केस राहत नसे, अंगाला वास राहिला नव्हता, ना औषधाचा, ना घामाचा. इतकी वर्षं डाग काढायचं काम करते मी, पण इतकं स्वच्छ काही मी पाहिलेलं नाही. मला भीती वाटली. आणि खरं सांगते, मला हायसंही वाटत होतं, कारण आता किल्लीवाल्याला पत्ता लागणार नव्हता. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि त्याचा मला स्वतःचाच राग येत होता.

एके रात्री, दिवा मालवून आम्ही तिघं ओळीने पडलो असताना माळ्यावर कोणी तरी खोकलं.

दाबलेला खोकला होता. रुमालातला.

"उंदीर," मी म्हटलं.

"उंदीर खोकत नाहीत," नवरा म्हणाला.

सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. ओठ हलले तेवढे. "बेकरीवालीचे वडील आहेत ते. छातीत दुखतं त्यांच्या."

दोघं उठून बसलो. म्हणजे बेकरीवाल्यांनीही तेच केलं होतं! दिवसा त्यांचा म्हातारा खाली, आमची म्हातारी वर. रात्री आमची खाली, त्यांचा वर. सुतळीच्या दोन बाजूंना. "आणि तुम्ही आम्हाला इतके दिवस सांगितलं नाहीत?"

"तूच म्हणालीस, बोलायचं नाही."

"मग दोघंच असता होय तुम्ही, पाळी बदलते तेव्हा? गप्पा तरी मारता का?"

त्या नुसत्या हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सुतळीपलीकडे एक वाटी डाळभात ठेवायला लागले. दोन दिवसांनी आमच्या बाजूला फडक्यात बांधलेला ताजा पाव आला. जिन्यात बेकरीवाली समोर आली तेव्हा आम्ही दोघींनी पहिल्यांदा मान वर केली. बोललो काहीच नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. पण तिच्या पापण्यांवर पीठ होतं आणि ती माझ्याकडे बघून किंचित हसली, एवढं पुरलं.

मग एका संध्याकाळी किल्लीवाल्याने किल्ल्या देताना हाळी दिली. "ऐका सगळे! उद्या सकाळी सुतार येतोय. माळे रिकामे करा. कप्पे पाडून माळे वेगळे द्यायचे आहेत. झोपण्यापुरते. लोक रांगेत उभे आहेत."

कॉरिडॉरमध्ये आम्ही वीसेक माणसं होतो.  सगळ्यांच्या नजरा एकदम छताकडे गेल्या, क्षणभरच, आणि तशाच खाली आल्या. चोराच्या मनात चांदणं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला दोघांना एकाच वेळी समजलं की फक्त आम्ही आणि बेकरीवालेच नाही.

खोलीत शिरून दार लावलं आणि मी डावाने दोनदा ठोकलं.

उत्तर नाही.

पुन्हा ठोकलं. मग स्टुलावर चढले, गाठोडी बाजूला केली. आमच्या बाजूला घोंगडी होती, तिहेरी घडीची, कडा आत. सासूबाई नव्हत्या. मी मोबाइलचा उजेड आत टाकला. इतके दिवस मी समजत होते की गाठोड्यांमागे भिंत आहे. भिंत नव्हती. माळा मागे चालू राहत होता. शेजारच्या खोलीवरून, तिच्या शेजारच्या खोलीवरून, अख्ख्या मजल्यावरून, उजेड पोचेल तिथपर्यंत फळ्याच फळ्या, आणि त्याच्याही पुढे अंधार. बांधताना कोणी मधल्या भिंती वरपर्यंत नेल्याच नव्हत्या. विटा वाचवल्या होत्या.

मी हळू आवाजात हाक मारली. "आई?"

"ओ," आतून आलं.

एक "ओ" नव्हता तो. कितीतरी होते. जवळून, लांबून, डावीकडून, खूप आतून. सगळे सारखेच हळू, सारखेच कोरडे, रुमालातून आल्यासारखे.  त्यांतला माझा कोणता ते मला ओळखता येईना. या शहरातला सगळ्यांत मोठा आवाज होता तो, हजार माणसांत ओळखला असता मी. तो मीच घासून घासून काढला होता.

नवऱ्याने मला खाली घेतलं आणि तो चढला. त्याने आत तोंड घालून हाक मारली, लहान पोरासारखी. "आई गं!"

"काय रे बाळा?" आतून सगळ्या म्हणाल्या.

तो उतरला आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर कानांवर हात ठेवून बसला. रडत नव्हता. त्याचे खांदे तेवढे हलत होते.

मी पुन्हा चढले. कोपरांवर सरकत आत गेले. सुतळी ओलांडली. पहिल्या तुळईपाशी अडकले. तुळई आणि फळी यांच्यामध्ये वीतभरच जागा होती. मी भरल्या अंगाची बाई, माझे खांदे त्यातून जाईनात. म्हाताऱ्यांचे गेले होते. मी हात पुढे घातला, जेवढा पोचेल तेवढा. "आई, हात द्या. उद्या सुतार येतोय. चला खाली, काहीही होऊ दे, खोली गेली तर गेली."

एका हाताने माझी बोटं धरली. हलका, गार, वाळलेल्या टॉवेलासारखा. पुरुषाचा हात होता.

"तुमचं माणूस पुढे गेलं, सूनबाई," बेकरीवालीचे वडील म्हणाले. "सगळ्यांना घेऊन चालल्यात त्या. मी आपला तुमची वाट बघत थांबलो, निरोप द्यायला."

"पुढे कुठे? पुढे काय आहे?"

"पुढे जागा आहे म्हणाल्या."

"तुम्ही तरी या काका. तुमची लेक सकाळी येईल, तिला काय सांगू?"

"तिला सांगा, डबा धुऊन ठेवलाय." त्यांनी माझी बोटं एकदा दाबली आणि सोडली. मग फळीवरून काही तरी सरकल्याचा आवाज आला, इतका हळू की आधी मला वाटलं पंखाच आहे.

सकाळी आम्ही कामावर गेलो नाही. बेकरीवाले आले तेव्हा आम्ही खोलीतच होतो, आणि किल्लीवाल्याला जाब विचारायला तोंड राहिलं नाही, कारण मजल्यावरची कुठलीच खोली रिकामी झाली नव्हती. सगळ्या दारांत दोन दोन पाळ्या उभ्या. सुताराने एकामागून एक माळ्यांच्या पुढच्या फळ्या काढल्या आणि आतलं सामान खाली टाकलं. घोंगड्या, गोधड्या, उशा, डबे. डबे घासलेले. आणि प्रत्येक खोलीतली प्रत्येक घोंगडी तिहेरी घडीची, कडा आत. हॉटेलातल्यासारखी. माझ्या सासूबाईंनी सगळ्यांना शिकवलं होतं.

"एवढी अंथरुणं कोणाची?" किल्लीवाल्याने विचारलं.

 बेकरीवालीने माझं मनगट धरलं होतं, तिच्या डाव्या हाताने, आणि ती इतकी घट्ट धरून होती की पिठाचे ठसे दिवसभर माझ्या हातावर राहिले. मी तिला डब्याचा निरोप सांगितला. तिने डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं, आणि डबा पोटाशी धरून बसली.

सुतार टॉर्च घेऊन आत सरपटत गेला, जाईल तेवढा. बाहेर येऊन म्हणाला, पार मागच्या भिंतीपर्यंत मोकळं आहे, पलीकडे टॉवरच्या पाइपांची पोकळी लागते, थंड वारा येतो. आत कोणी नाही. मग त्याने फळ्या मारून कप्पे केले. आठवड्याच्या आत त्यांत माणसं आली.

हरवल्याची तक्रार द्यायची तर कुठून हरवली ते सांगावं लागतं. मजल्यावर कोणीच दिली नाही. मी इस्त्री करताना चादरी जाळायला लागले. मुकादमाच्या शिव्या ऐकू येईनात. घरी आम्ही दोघं बोलायचो नाही. पण आता वेगळ्या कारणाने. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, ती बाई सुजलेल्या पायाने कुठे असेल, आणि तिथे तिला कोणी "हळू" म्हणत असेल का.

एका संध्याकाळी नवरा आला आणि बूट न काढताच बसला.

"अगं, मीटर फिरतोय."

त्याच्या कामातलं एक काम म्हणजे संध्याकाळी घरी निघण्याआधी टॉवरच्या पाण्याचा मीटर बघायचा आणि ऑफिसला फोनवरून वापर कळवायचा. वापर कधीच नसतो. तो रोज "शून्य" म्हणतो, पलीकडचा माणूस "ठीक" म्हणतो.

"गळत असेल," मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं. सगळे मजले चढून बघितले. फरशीवरच्या प्लॅस्टिकवर पाऊल नाही. बेसिनं कोरडी, नळ कोरडे, टिपूस नाही. केस नाही. काही नाही." तो थांबला. "इतकं स्वच्छ की मला तुझी आठवण झाली."

मी डाव उचलला आणि निघाले. जिन्यात बेकरीवाले कामावर निघालेले भेटले. मी डाव दाखवला. तिने काही विचारलं नाही, दोघं आमच्या मागून आले.

टॉवरच्या दिवाणखान्यात दिवे नुकतेच आपोआप लागले होते. प्लॅस्टिकमधले सोफे. कॅमेऱ्याकडे नवऱ्याने पाठ केली, जणू त्याने काही होणार होतं. जिन्याच्या तोंडाशी पाण्याचा जाड पाइप खालून वर जातो, अगदी शेवटपर्यंत. मी डावाने त्यावर दोनदा ठोकलं.

काहीच नाही. बेकरीवाला पायांची चुळबुळ करत होता.

मग वर, पहिल्या की दुसऱ्या मजल्यावर, दोनदा ठोकल्याचा आवाज आला. त्याच्या वर पुन्हा दोनदा. त्याच्याही वर. मजल्यामागून मजला, लांब लांब जात, शेवटी कान देऊनही ऐकू येईना तिथपर्यंत. आमच्या मजल्यावरून गेले तेवढेच नव्हते ते. कुठून कुठून आले होते कोण जाणे.

बेकरीवाली जिना चढत धावली. आम्हीही धावलो. आम्ही चढलो की ठोकणं वरच्या मजल्यावर जायचं. दार उघडावं तर रिकामी खोली, रिकामी खिडकी, फरशीवर ताणलेलं प्लॅस्टिक. आणखी चढलो, ते आणखी वर गेले. शेवटी ती पायरीवर बसली, धापा टाकत. तेव्हा वरून कोणी तरी खोकलं. दाबलेला नव्हता तो खोकला. मोकळा, खणखणीत, छाती रिकामी करणारा, मजा घेत खोकलेला खोकला. बेकरीवाली हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "अप्पा," ती म्हणाली, "अप्पा, खोका! खूप खोका!"

मी कठडा धरून वर तोंड केलं. महिनोन्महिने मी जे बोलत आले त्याच्या उलट ओरडले, घसा फाटेपर्यंत. "आई! बोला! मोठ्याने बोला!"

खाली टेबलावरचा फोन वाजला. ऑफिसचा. नवरा एवढे मजले धावत उतरला. जिन्यातून त्याचा शब्द न् शब्द वर येत होता.

"हो साहेब. वापर? शून्य."

आणि त्याच वेळी वरून आवाज आला. जिना थरथरला. माइक नव्हता, कधीच लागला नव्हता.

"प्रवाशांनी कृपया दारात गर्दी करू नये! पुढे सरका, पुढे जागा आहे!"

 मग नवरा म्हणाला, "नाही साहेब, इथे कोण असणार? बाहेरून बस गेली."

मी रडत होते. आनंदाने. "आई, खाली या!" मी ओरडले. "भात टाकलाय! तुमचा पाय कसा आहे?"

"बरा आहे गं!" आवाज आणखी वर गेला होता. "मी येत नाही आता. तू काळजी करू नकोस, सूनबाई. तुमच्या दोघांच्या जागेवर रुमाल टाकून ठेवलाय!"

 निळ्या काठाचा रुमाल मला डोळ्यांसमोर दिसला, त्या अंधारात कुठे तरी, फळीवर नीट पसरलेला. या शहरात आजवर कोणी माझ्यासाठी जागा धरून ठेवली नव्हती. मला ती हवी होती. आणि तिथे जायला खांदे किती बारीक व्हावे लागतात ते मला माहीत होतं.

आम्ही उतरलो, कारण पाळी चालू होती आणि आपल्या वेळात खोली रिकामी ठेवणं परवडत नाही. बेकरीवाले कामाला गेले. माळ्यावरच्या कप्प्यातली नवी माणसं झोपली होती, म्हणून नवऱ्याने दिवा न लावताच ताटं घेतली. त्याने मला भात वाढला आणि कुजबुजत विचारलं, "आणखी?"

मी मान हलवली.